पाच आवाज

माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं पाप मी टेकडीवरच्या महूच्या झाडाखाली बसून, नाक दाबून केलं. नाक दाबलं नसतं तर अ‍ॅपनं आवाज ओळखला असता. तेवढी अक्कल मला होती. त्याच्या पुढची नव्हती.

मी विनया माळी. सातपुड्यातल्या मोजरपाड्याच्या दोनशिक्षकी शाळेत अकरा वर्षं होते. पहिली ते चौथी मिळून एकतीस मुलं, दोन खोल्या, मधे एक दार. लहान दोन वर्ग माझ्याकडे, मोठे दोन गावित सरांकडे. माझं घर तासगावला, म्हणजे महाराष्ट्राच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. भरतीच्या वेळी मिळेल तो जिल्हा घ्यावा लागतो. पुढे बदली करून घेऊ, असं सगळेच म्हणतात, तसं मीही म्हटलं होतं.

शिवन्या झाली तेव्हा तिला दीड वर्ष माझ्याजवळ मोजरपाड्याला ठेवलं. मग तिला मलेरिया झाला. दुसऱ्यांदा झाला तेव्हा रणजित, म्हणजे माझे यजमान, येऊन तिला घेऊन गेले. "बदली झाली की आहेच की," ते म्हणाले. ते तिथं बेदाण्याच्या कोल्ड स्टोअरेजमध्ये सुपरवायझर आहेत, सासूबाई घरी असतात, पोरीची आबाळ होणार नव्हती. झालीही नाही. फक्त ती मला विसरली. मुद्दाम नव्हे, पोरं विसरतात तशी. रविवारी मी फोन लावायची, तर आमचं बोलणं असं:

"जेवलीस का गं?"

"हो."

"काय शिकवलं शाळेत?"

"शिकवलं."

"आई आठवते का?"

यावर ती फोन आजीकडे द्यायची. दर वर्षी मी आंतरजिल्हा बदलीचा अर्ज भरायची, दर वर्षी यादीत नाव नसायचं, आणि दर वर्षी शिवन्या एका वर्षानं मोठी व्हायची. मला दुसरं काही नको होतं. ती पुरती परकी व्हायच्या आत घरी पोचायचं होतं.

असं सगळं चालू असताना 'ओढ' आली.

तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. मनोवेध नावाच्या कंपनीचे एक तरुण साहेब आले होते, पाटणकर नावाचे. त्यांनी फार छान समजावलं, हे आज मी मान्य करते. शास्त्र तसं अवघड नव्हतं. एखाद्या प्रश्नाचं उत्तर आपल्याला ठाऊक नाही, पण आता कळणार आहे, अशा मधल्या क्षणी मेंदूत एक रसायन सुटतं. पानात वाढायला घेतलं की तोंडाला पाणी सुटतं, तसंच. ते सुटलेलं असताना कानावर जे पडेल ते पक्कं लक्षात राहतं. शिकण्याची गोडी म्हणतात ती हीच. आता कानाच्या खळग्यात, अगदी कातडीखाली, मेंदूपासून पोटापर्यंत जाणाऱ्या एका मोठ्या मज्जातंतूची बारीकशी फांदी येते. तिथं हरभऱ्याच्या डाळीएवढी एक चकती बसवायची. चकतीला प्रश्न ऐकू आला की ती इवलासा वीजप्रवाह सोडते. दुखत नाही, कळतसुद्धा नाही. मेंदूत मात्र ती हुरहूर जागी होते. सहा आठवडे हे रोज झालं की शरीरच शिकतं, प्रश्न आला की गोड वाटायला लागतं. मग चकती काढली तरी दोन वर्षं ती गाठ सुटत नाही.

"पण शरीर आंधळं असतं," पाटणकर म्हणाले होते. "गाठ कशाला मारायची हे त्याला आपण दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक मुलासाठी पाच वेगवेगळे आवाज हवेत. आई, वडील, भावंड, शिक्षक आणि एक परकं माणूस. पाचही जणांनी तेच चाळीस प्रश्न अ‍ॅपमध्ये बोलून भरायचे, ते मुलांना रोज ऐकवायचे. पाच आवाजांत सारखं काय आहे? फक्त प्रश्न. म्हणून गाठ प्रश्नाला बसेल, माणसाला नाही."

हे सगळं मी ऐकलं, पण अर्ध्या कानानं. उरलेला अर्धा कान आणि दोन्ही डोळे मोबाइलवर होते, कारण त्याच वेळी आमच्या ग्रुपवर शालेय गणवेशाची माहिती तातडीनं मागितली होती. माझ्या शेजारच्या बाई पोषण आहाराची माहिती भरत होत्या. शिक्षकांना शिकवण्याची ओढ कशी लावायची, यावर कुणी चकती काढलेली नाही.

दिवाळी झाली. आमच्या पाड्यातली बहुतेक माणसं गुजरातेत ऊसतोडीला गेली. मुलं आजा-आजीकडे राहिली. गावित सर जनगणनेच्या कामावर दोन महिने बाहेर. आणि एका मंगळवारी सकाळी अकराला केंद्रप्रमुख भामरे सरांचा मेसेज आला: 'ओढ आवाजनोंदणी आजच पाचपर्यंत पूर्ण करावी. सबब चालणार नाही. प्रलंबित शाळांची नावे वर जातील.'

मी फोन केला. "सर, पालक इथं नाहीत. एकतीस मुलांचे पाच-पाच आवाज आजच्या आज कुठून आणू?"

"माळी मॅडम, तुम्ही नवीन आहात का नोकरीत?" भामरे सर म्हणाले. "माहिती भरायची असते. भरा."

प्रलंबित शाळा म्हणजे शेरा, आणि शेरा म्हणजे बदलीच्या अर्जाचं भिजत घोंगडं. मी मुलांना मधल्या सुट्टीनंतर चित्रं काढायला बसवलं, स्वयंपाकाच्या सुनकीताईला लक्ष ठेवायला सांगितलं आणि रेंज येते त्या महूखाली जाऊन बसले. पहिल्यांदा माझ्या आवाजात चाळीस प्रश्न. पाण्याला रंग का नसतो, चंद्र आपल्यामागून का येतो वगैरे. मग नाक दाबून. मग घोगरा काढून, तो वडिलांचा. मग तोंडावर ओढणी धरून. शेवटी किनऱ्या आवाजात, ते भावंड. तेच पाच संच एकतीस नावांवर चिकटवले. अ‍ॅपनं हिरवी खूण दिली. पाचला दहा मिनिटं कमी होती. भामरे सरांनी ग्रुपवर अंगठा टाकला आणि मी खाली उतरून घंटा दिली.

माणसं परत आली की नव्यानं भरू, असं मी मनाशी ठरवलं होतं. पण एकदा भरलेली नोंद कुलूपबंद होते, हे मला मार्चमध्ये कळलं. तोवर फार उशीर झाला होता.

मुलांच्या कानांत चकत्या बसल्या आणि सहा आठवड्यांनी चमत्कार झाला. दुसरा शब्द नाही. रमिला पावरा नावाची दुसरीतली मुलगी दीड वर्षात वर्गात एक अक्षर बोलली नव्हती. जानेवारीत एका सकाळी मी विचारलं, "झाडाला तहान लागते का?" आणि ती उठून उभी राहिली. डोळे लखलखलेले. बोलली, चुकली, पुन्हा बोलली. मला रडू आलं. शिकवायला लागून इतकी वर्षं झाली, गाणी म्हटली, बाहुल्या केल्या, गोळ्या वाटल्या, पण अशी भूक मी मुलांच्या तोंडावर पाहिली नव्हती. शाळा सुटली तरी ती उठेनात. रविवारी माझ्या खोलीच्या दाराशी येऊन बसत.

गावित सर परत आले तेव्हा त्यांना आनंद झाला. ते त्याच भागातले, मुलांची बोली त्यांची आईची बोली. त्यांची एक जुनी सवय होती. शनिवारी एक प्रश्न अर्धवट सोडून द्यायचे. नदीतला गोटा गोल का असतो? बस, चला घरी. सोमवारी पोरं खिशात गोटे भरून यायची आणि भांडायची. मी नवीन असताना त्यांच्याकडूनच थोडंफार शिकले होते. त्यांनी या वेळीही शनिवारी प्रश्न सोडला. सोमवारी कुणीच काही आणलं नाही. तिसरी-चौथीची मुलं त्यांच्यासमोर बसलेली असत आणि माना मधल्या दाराकडे, माझ्या आवाजाच्या बाजूला.

"मॅडम," एकदा डबा खाताना ते म्हणाले, "पोरं आता माझ्याकडं पंख्याकडं बघावं तशी बघतात. चालू आहे का बंद, तेवढंच."

"नव्याचे नऊ दिवस, सर," मी म्हटलं. मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

माझे डोळे फेब्रुवारीत उघडले. मी ओसरीत उभी राहून सुनकीताईला सांगत होते की तूरडाळ संपत आलीय, मीठ दोन पुडे आणि हळद एक पाव लागेल, तेल सोमवारी येईल, आणि त्या मोठ्या पातेल्याचा कान ढिला झालाय तो ठोकून घ्या. दुसऱ्या दिवशी पाढे घ्यायला उभी राहिले, तर पहिलीतला एक मुलगा आपण होऊन उठला आणि घडाघडा म्हणाला, "तूरडाळ संपत आलीय, मीठ दोन पुडे, हळद एक पाव." पुढचं रमिलानं पूर्ण केलं. पातेल्याच्या कानासकट. मग सगळा वर्ग एका सुरात म्हणायला लागला आणि सगळ्यांचे डोळे तसेच लखलखलेले.

मी खुर्चीत बसले. पाटणकरांचं वाक्य मला तेव्हा, तीन महिन्यांनी, पुरतं ऐकू आलं. पाच आवाजांत सारखं काय होतं? मी. गाठ प्रश्नाला बसलीच नव्हती. माझ्या गळ्याला बसली होती. मुलांना शिकायची ओढ लागली नव्हती, विनया माळीची लागली होती. मी जे बोलेन ते त्यांना गोड लागणार होतं, तूरडाळसुद्धा, आणि दुसरं कुणी काहीही सांगो, ते अळणी.

मी हे कुणाला सांगितलं नाही. सांगते कशी? खोटी नोंद म्हणजे चौकशी, चौकशी म्हणजे बदलीच्या यादीतून नाव बाद, तेही कायमचं. आणि एप्रिलच्या चाचणीत मोजरपाडा जिल्ह्यात पहिला आला. शाल, नारळ, ढाल. भामरे सर माझ्या शेजारी उभे राहून फोटोत हसले. ढाल पाड्यापर्यंत मीच डोक्यावर धरून आणली, कारण जीपमध्ये जागा नव्हती.

मे महिन्यात बदलीची यादी लागली आणि तिच्यात माझं नाव होतं. दहा वर्षांत पहिल्यांदा. मी रणजितना लगेच फोन केला. ते म्हणाले, "शिवूला आत्ता सांगत न्हाई. आलीस की बघंल."

पण बदली होणं वेगळं आणि कार्यमुक्त होणं वेगळं. शाळेतून सोडल्याचं पत्र हातात पडल्याशिवाय बदली नुसती कागदावर. पत्र जूनमध्ये आलं नाही, जुलैमध्ये आलं नाही. ऑगस्टमध्ये मी जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन बसले. साहेब सज्जन होते. त्यांनी चहा मागवला आणि संगणक माझ्याकडे वळवला.

"हे बघा. तुम्ही रजेवर होता ते सहा दिवस. वर्गाचा आलेख पार तळाला. तुम्ही आलात की वर. गावित सरांच्या तासाला पुन्हा तळाला. मॅडम, तुमच्याशिवाय ही मुलं शिकत नाहीत, हे तुमच्याच आकड्यांनी सिद्ध केलंय. मी कोणत्या तोंडानं तुम्हाला सोडू?"

इकडे आड, तिकडे विहीर. खरं सांगितलं तर बदली जाणार आणि न सांगितलं तर मी जाऊ शकत नाही. चहा गार झाला तरी मी तिथंच बसून होते.

वाट दाखवली ती पाटणकरांनीच. ते त्याच आठवड्यात शाळेवर आले, वर्ग पाहिला आणि हरखून गेले. "तुमच्या आवाजात काहीतरी खास आहे," ते म्हणाले. एवढा शिकलेला माणूस, पण यशाची चौकशी कुणी करत नाही. त्यांचा प्रस्ताव सरळ होता. माझ्या आवाजाची प्रतिकृती करायची. ती एका पेटीतून सगळे धडे शिकवील. मोजरपाड्यालाही आणि 'ओढ' जिथं नव्यानं सुरू होणार तिथंही. पेटी बसली की मुलांचं नुकसान नाही, मग मला सोडायला हरकत काय?

"नवीन शाळांत पाच आवाज घ्याल ना?" मी विचारलं.

"आता कशाला? हा एक आवाज इतका चालतोय तर तोच पाचही जागी घालू."

त्या क्षणी मी तोंड उघडायला हवं होतं. मी विचारलं काय, तर सही कुठं करायची.

गावित सरांना मात्र सांगितलं. सगळं, महूच्या झाडापासून. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खिशातून तंबाखूची डबी काढली आणि पुन्हा तशीच ठेवून दिली. "म्हणजे मी शिकवायला विसरलो नाही," ते म्हणाले. "वर्षभर मला तेच वाटत होतं." मग थोड्या वेळानं, "तुमची पोर वाट बघत असेल. जा तुम्ही. पेटी चालू-बंद करायला किती अक्कल लागते."

दसऱ्याला पेटी आली. शेजारच्या खोलीतून मला माझाच आवाज ऐकू यायचा, न थकलेला, न खोकणारा. मुलं तिच्याकडे त्याच डोळ्यांनी बघत. गावित सर मागे भिंतीला टेकून बसत. वर्ष संपल्यावर तुम्हाला सोडतो, असं साहेबांनी लेखी दिलं.

आणि दिवाळीनंतर एक नवल घडलं. शिवन्या फोनवर बोलायला लागली. आधी "हो"च्या ऐवजी "हो, आणि तू?" मग एका रविवारी तिनं आजीकडे फोन दिलाच नाही. "अजून बोल की," म्हणाली. संक्रांतीच्या सुमारास तर ती स्वतः फोन लावायला लागली. "आई, काहीपण सांग. आज काय केलंस ते सांग." मी सांगायची आणि पलीकडे तिचा श्वास ऐकू यायचा, इतकी गुंगून ऐकायची. पोर मोठी होतेय, तिला आई कळायला लागलीय, असं मला वाटलं. देवानं एवढ्या वर्षांचं भरून दिलं म्हणून मी टेकडीवर एकटी हसले होते.

मे महिन्यात सुटले. निरोपाच्या दिवशी रमिला माझ्याकडे बघत नव्हती. पेटी चालू होती आणि ती पेटीकडे बघत होती.

तासगावचे पहिले तीन आठवडे मी आयुष्यात विसरणार नाही. शिवन्या माझी पाठ सोडेना. मी भाकरी थापताना ओट्याला टेकून उभी, मी धुणं वाळत घालताना चिमटे हातात घेऊन उभी. "मग? पुढं काय झालं?" सासूबाई कौतुकानं म्हणायच्या, "सात-आठ वर्षांची भूक हाय ती. भागू दे." रात्री झोपेपर्यंत तिचा हात माझ्या हातात असायचा. माझ्यासारखी भाग्यवान बाई गावात नव्हती.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. पहिल्या दिवशी सकाळी मी तिच्या वेण्या घालत होते. तिनं दप्तरातून एक छोटी डबी काढली, उघडली, आणि आरशात बघत काहीतरी कानाच्या खळग्यात बसवलं. हरभऱ्याच्या डाळीएवढं.

माझ्या हातातून वेणी सुटली.

"हे कधीपासून गं?"

"दसऱ्यापासून. आमच्या सगळ्या शाळेला हाय." ती आरशातून माझ्याकडे बघत होती. डोळे लखलखलेले. ते डोळे मी एकतीस तोंडांवर पाहिले होते, आणि मला एवढे दिवस ओळखू आले नव्हते.

रणजित कामावर निघाले होते. त्यांना मी दारात गाठलं.

"अगं, सही मीच केली की," ते म्हणाले. "सर म्हणाले, मिसेस माळींच्याच आवाजात शिकवणार. म्हटलं, पोरीला रोज आईचा आवाज ऐकाय मिळंल. यात इचारायचं काय? तुला सांगून मजा घालवायची नव्हती." ते हसत होते. त्यांनी मला दिलेली ती सगळ्यात प्रेमाची भेट होती.

त्या संध्याकाळी मी एक घाणेरडी गोष्ट केली. शिवन्याला समोर बसवलं आणि धुण्याच्या पावडरीच्या पुड्यावरच्या सूचना वाचून दाखवल्या. अर्धा मग पावडर, बादलीभर पाणी, अर्धा तास भिजवणे, रंगीत कपडे वेगळे ठेवणे, लहान मुलांपासून दूर ठेवणे. ती हनुवटीखाली हात घेऊन ऐकत होती. मी थांबले तेव्हा म्हणाली, "मग?"

चकती मी काढून टाकली. त्याला काही अर्थ नव्हता, गाठ कधीच बसली होती. तिच्या त्या ओढीत तिचं स्वतःचं किती आणि माझ्या नाक दाबण्याचं किती, हे आता दोन वर्षं कुणालाच सांगता येणार नव्हतं. कदाचित त्यात तिचंही असेल थोडं. कदाचित सगळंच असेल. मला कळायला मार्ग नव्हता आणि तिलाही नव्हता. मोजरपाड्याहून सुटून मी थेट माझ्याच गळ्यात येऊन अडकले होते.

दोन दिवस गप्प राहून पाहिलं. ती कावरीबावरी झाली, माझं तोंड बघत घरभर फिरली. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. तिला जवळ बसवून खरं सांगायचं ठरवलं. सगळं सांगितलं. महू, पाच आवाज, तूरडाळ, पेटी. "शिवू, तुला मी आवडते असं तुला वाटतं ना, ते कदाचित तुझं नाहीच. ते यंत्रानं लावलेलं आहे. मी खोटं काम केलं, आणि ते तुझ्यापर्यंत आलं." सांगताना मला रडू फुटलं.

ती डोळे मोठे करून ऐकत होती. एक शब्द सुटू देत नव्हती. मी संपवलं तेव्हा ती आणखी जवळ सरकली.

"मग? पुढं काय झालं? सांग की."

माझ्या कबुलीजबाबाचीही तिला गोडीच लागली होती. तेव्हा मला भीती वाटली. या मुलीला मी काहीही सांगू शकत होते आणि ती ते आनंदानं गिळणार होती.

म्हणून मी लिहायला बसले. कागदाला गळा नसतो. तिच्या जुन्या वहीची उरलेली पानं घेतली आणि हेच सगळं पुन्हा लिहून काढलं, तिला वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. तीन दिवस लागले. शनिवारी सकाळची शाळा करून ती घरी आली, तेव्हा वही तिच्यापुढे ठेवली आणि मी परसात जाऊन बसले.

ती तासाभरानं बाहेर आली. चेहरा पांढरा पडलेला, ओठ घट्ट मिटलेले. माझ्याकडे नुसतं बघितलं आणि आजीच्या खोलीत गेली. जेवायला माझ्याशेजारी बसली नाही. मी हाक मारली तर दोन्ही कानांत बोटं घातली. रणजितना काही समजेना. "काय केलंस पोरीला?" ते विचारत राहिले. दुसरा दिवस तसाच, तिसराही. वेण्या आजीकडून घालून घेतल्या. मला फार लागलं, आणि त्या लागण्याच्या तळाशी मला बरंही वाटत होतं. हा राग कुठल्या चकतीनं लावलेला नव्हता. तो तिनं स्वतः वाचून, स्वतः कमावलेला होता.

मंगळवारी संध्याकाळी ती आली. मी शेंगा फोडत बसले होते. तिनं वही माझ्यापुढे टाकली. माझं लिखाण संपतं त्याच्या खाली तिनं पेन्सिलीनं एक ओळ लिहिली होती.

'त्या एकतीस मुलांचं काय झालं?'

मी तोंड उघडलं. तिनं लगेच कानावर हात ठेवले आणि मानेनं वहीकडे खूण केली.

मी पेन्सिल घेतली. शाळा सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते आणि मी गावित सरांना एकदाही फोन केला नव्हता. पेटी चालते का, बंद पडली तर मुलं काय करतात, सर भिंतीला टेकून किती दिवस बसणार, यातलं एकही मी विचारलं नव्हतं. मी घरी पोचले होते ना, मग मला कशाला पाहिजे होतं. आणि इथं नऊ वर्षांची मुलगी, जिनं त्या मुलांचं तोंडही पाहिलेलं नाही, ती तीन दिवस माझ्यावर संतापूनसुद्धा हाच प्रश्न घेऊन आली होती. हा तिला कुणी विचारायला लावला नव्हता.

मी लिहिलं, 'माहीत नाही.'

तिनं वाचलं. वही ओढून घेतली आणि खाली लिहिलं, 'मग विचार.'

मी लिहिलं, 'खरं सांगावं लागेल. सगळ्यांना. कदाचित नोकरी जाईल, कदाचित मला परत तिकडं पाठवतील.'

ते वाचताना तिची हनुवटी थरथरली. मी जायला नको होते तिला, की माझा आवाज जायला नको होता, देव जाणे. मग ती उठली, फळीवरचा माझा फोन आणला, शेंगांच्या टरफलांतून माझ्यापुढे सरकवला, आणि माझ्यासमोर मांडी घालून बसून स्वतःचे कान दोन्ही हातांनी घट्ट झाकून घेतले.